वैरणीचे खरे मोल कसे ठरवावे?



रब्बी ज्वारीची काढणी आटोपली की सोलापूर, बीड भागांत कडब्याचे व्यवहार सुरू होतात. सौदा शेकड्यावर ठरतो. परंतु जाणता पशुपालक केवळ पेंड्यांची संख्या मोजून थांबत नाही. तो एखादी पेंडी सोडून पाहतो. पाने टिकली आहेत की झडली आहेत, ताट बारीक आहे की जाडजूड, रंग हिरवट आहे की पावसाने भिजून काळवंडला आहे, हे तो न्याहाळतो. प्रसंगी ताटाचा तुकडा चघळून त्याची गोडीही पाहतो. वैरणीचे पोषणमूल्य ठरविण्याची ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत होय आणि तिच्यात बरेच तथ्य आहे. पानांत प्रथिने अधिक असतात, जाड व जून ताटात काष्ठद्रव्य अधिक असते, आणि भिजलेल्या कडब्यातील विद्राव्य अन्नांश धुऊन गेलेला असतो.

तथापि ही नजर एकाच जातीच्या दोन वस्तूंची तुलना करू शकते. शेकड्याने घेतलेला कडबा, पोत्याने घेतलेली सरकी पेंड आणि भाऱ्याने घेतलेला हिरवा चारा यांपैकी कोणता सौदा फायद्याचा, याचा निर्णय नुसत्या नजरेने होत नाही. दुधाच्या उत्पादनखर्चापैकी साधारणतः ६० ते ७० टक्के खर्च जनावरांच्या आहारावर होत असतो. दूध विकून हाती चार पैसे राहतात की नाही, हे म्हणूनच पुष्कळ अंशी गव्हाणीत काय पडते यावरच अवलंबून असते. आहाराचे मोल पारखण्याचे शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे ते एवढ्याचसाठी.

पहिली पायरी : पाण्याचा हिशेब

कोणत्याही वैरणीचा विचार तिच्यातील पाणी वजा करून करावा लागतो. पाणी वजा जाता जे उरते त्यास शुष्क पदार्थ म्हणतात. हिरव्या हत्ती घासात अथवा लसूणघासात शंभर किलोंपैकी सुमारे ८० किलो पाणी असते. वाळलेल्या कडब्यात पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्केच असते. याचा अर्थ असा, की २५ किलो हिरवा चारा आणि साडेपाच किलो कडबा यांतील शुष्क पदार्थ जवळजवळ सारखाच, म्हणजे ५ किलोंच्या आसपास असतो. हिरव्या भाऱ्याचे वजन पाहून जनावराचे पोट भरले असे समजणाऱ्याची येथेच फसगत होते. जनावरास दिवसाकाठी आपल्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ लागतो. ४०० किलो वजनाच्या गाईस ही गरज १० ते १२ किलोंची होते.

प्रयोगशाळेतील पृथक्करण

पाणी गेल्यावर उरलेल्या भागात काय आहे, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर देणारी पद्धत १८६० च्या सुमारास जर्मनीतील गटिंगेनजवळच्या वेंडे येथील संशोधन केंद्रात हेनेबर्ग आणि स्टोमान या शास्त्रज्ञांनी बसविली. आज दीड शतकाहून अधिक काळ लोटला तरी पशुखाद्याच्या पोत्यावरील आकडे मुख्यतः याच पद्धतीचे असतात.

या पद्धतीत खाद्याचे सहा भाग पाडले जातात. नमुना भट्टीत तापवून ओलावा काढतात. ईथर या द्रवात स्निग्ध पदार्थ विरघळवून घेतात. सौम्य आम्लात आणि नंतर सौम्य अल्कलीत उकळून जे शिल्लक राहते ते कच्चे तंतू. नमुना जाळून उरते ती राख, म्हणजेच खनिजे. प्रथिनांसाठी नमुन्यातील नत्र मोजतात. त्याकरिता डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली शोधलेली पद्धत वापरली जाते. प्रथिनांमध्ये सरासरी १६ टक्के नत्र असते, म्हणून नत्राच्या आकड्यास ६.२५ ने गुणले की कच्च्या प्रथिनांचे प्रमाण मिळते. या पाचही भागांची बेरीज शंभरातून वजा केली असता राहणारा सहावा भाग म्हणजे साखर, पिष्ट इत्यादी विद्राव्य कर्बोदके.

राखेचा आकडा पाहताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी. राख अधिक म्हणजे खनिजे अधिक, असे नेहमीच नसते. आम्लात न विरघळणारी राख म्हणजे मुख्यतः वाळू व सिलिका. तिचे प्रमाण वाढले असेल, तर खाद्यात माती मिसळली असल्याचा संशय घेण्यास जागा असते. म्हणूनच पशुखाद्याच्या भारतीय मानकात प्रथिने, स्निग्धांश व तंतू यांच्याबरोबरच या राखेवरही मर्यादा घातलेली आहे.

आकड्याची मर्यादा

कच्ची प्रथिने या शब्दातील 'कच्ची' हे विशेषण फार महत्त्वाचे आहे. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष प्रथिने मोजली जात नाहीत; नत्र मोजला जातो. तो नत्र प्रथिनांतून आला की अन्य पदार्थातून, हे ती पद्धत सांगत नाही. युरिया या खतात ४६ टक्के नत्र असतो. शंभर किलो खाद्यात एक किलो युरिया मिसळला, तर कागदावर प्रथिनांचे प्रमाण जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढल्याचे दिसते. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजंतू मर्यादित युरियाचा उपयोग करू शकतात हे खरे. परंतु पेंडीच्या भावाने युरिया विकत घेणे हा तोट्याचाच व्यवहार होय, आणि प्रमाण चुकल्यास तो जिवावर बेतणाराही ठरतो.

नत्र मोजून प्रथिने ठरविण्याच्या या पद्धतीतील उणिवेचा गैरफायदा किती भयंकर ठरू शकतो, हे २००८ साली चीनमध्ये जगास दिसून आले. पाणी घातलेल्या दुधातील प्रथिनांचा आकडा फुगविण्यासाठी मेलामाइन हे नत्रयुक्त रसायन मिसळण्यात आले होते. त्या दुधाच्या भुकटीमुळे सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा बालके दगावली. चाचणीत आकडा चांगला आला म्हणजे वस्तू चांगली, असे समजून चालत नाही, हा या घटनेचा धडा आहे.

तंतूंच्या आकड्यातही अशीच उणीव आहे. उकळण्याच्या प्रक्रियेत काष्ठद्रव्याचा काही भाग विरघळून जातो आणि विद्राव्य कर्बोदकांत जमा होतो. परिणामी गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा कागदावर वास्तवापेक्षा अधिक सकस भासतो. ही त्रुटी दूर करण्यासाठी अमेरिकेतील पीटर व्हॅन सोएस्ट यांनी १९६० च्या दशकात तंतूंचे मापन करण्याची नवी पद्धत प्रचारात आणली. वनस्पतीच्या पेशीतील सहज पचणारा अन्नरस आणि पेशीची भिंत यांची ती फारकत करते. भिंतीतील पचण्याजोगा भाग व न पचणारे काष्ठद्रव्य हेही तीतून कळते. चाऱ्याची प्रत ठरविण्यासाठी हीच पद्धत आता अधिक भरवशाची मानली जाते.

पचनाची कसोटी

खाद्यात काय आहे हे कळल्यानंतरही मूळ प्रश्न शिल्लक राहतोच : त्यातील जनावराच्या अंगी किती लागते? याचे उत्तर जनावराकडूनच मिळवावे लागते. पचनाच्या प्रयोगात निवडक जनावरांना काही दिवस परीक्षणाचाच चारा देऊन त्याची सवय लावतात. त्यानंतर साधारण आठवडाभर रोज खाल्लेला चारा, गव्हाणीत उरलेला चारा आणि पडलेले शेण यांचे काटेकोर वजन घेऊन तिन्हींचे पृथक्करण करतात. उदाहरणादाखल, गाईने दिवसाला ८ किलो शुष्क पदार्थ खाल्ला आणि शेणावाटे ३.६ किलो बाहेर पडला, तर ४.४ किलो पचला, म्हणजे पचनांक ५५ टक्के झाला. प्रथिने, तंतू, स्निग्धांश या प्रत्येकाचा पचनांक याच रीतीने काढता येतो.

यांतूनच दोन आकडे तयार होतात आणि पशुपालकाच्या दृष्टीने तेच सर्वांत उपयोगी होत. पहिला पचनीय प्रथिनांचा. दुसरा एकूण पचनीय पदार्थांचा. यात पचलेली प्रथिने, तंतू व कर्बोदके यांची बेरीज करून तीत पचलेल्या स्निग्धांशाची सव्वादोन पट मिळवितात, कारण स्निग्ध पदार्थांतून तेवढ्या पटीने ऊर्जा मिळते. भारतात डॉ. के. सी. सेन यांनी देशी चारा व खाद्यांचे असे तक्ते संकलित केले.

या तक्त्यांतील एक नोंद डोळे उघडणारी आहे. भाताच्या पेंढ्यात तीन-चार टक्के कच्ची प्रथिने असतात. परंतु त्यातील पचनीय प्रथिने जवळजवळ शून्य धरली जातात. पेंढा पचविताना जनावराच्या शरीरातील जो नत्र शेणावाटे जातो, तो पेंढ्यातून मिळणाऱ्या नत्राची बरोबरी करून टाकतो. कोकणात केवळ पेंढ्यावर उन्हाळा काढणारी जनावरे पावसाळ्याच्या तोंडावर खंगलेली का दिसतात, याचे एक कारण यात सापडते.

जनावरांवरील प्रयोग खर्चाचे व वेळखाऊ असल्याने त्यांना पूरक अशा पद्धतीही निघाल्या. १९६३ साली टिली व टेरी यांनी जनावराच्या पोटातील पचन काचेच्या नळीत आणले. नमुना प्रथम कोटीपोटातील रसात ४८ तास ठेवतात आणि नंतर तितकाच वेळ आम्ल व पेप्सिन यांच्या द्रावणात. जर्मनीतील होहेनहाइम येथे १९७९ साली मेंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी रीत मांडली. चारा कोटीपोटातील रसात आंबताना किती वायू सुटतो, त्यावरून तो किती पचेल हे तीत जोखले जाते. नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशवीत चारा भरून ती थेट जनावराच्या कोटीपोटात ठेवण्याचीही पद्धत आहे. अलीकडे अवरक्त किरणांच्या साहाय्याने काही मिनिटांत पृथक्करण करणारी यंत्रे आली आहेत. परंतु त्या यंत्रांनाही आधी रासायनिक पृथक्करणाच्या आकड्यांवरच शिकवून तयार करावे लागते.

एका गाईचा हिशेब

हे आकडे दावणीपाशी कसे वापरावयाचे, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ४०० किलो वजनाच्या गाईस केवळ शरीर टिकविण्यासाठी दररोज साधारण २५० ग्रॅम पचनीय प्रथिने आणि ३ किलो एकूण पचनीय पदार्थ लागतात. चार टक्के स्निग्धांशाच्या प्रत्येक किलो दुधासाठी त्यावर सुमारे ४५ ग्रॅम पचनीय प्रथिने आणि ३१५ ग्रॅम पचनीय पदार्थ अधिक लागतात. ८ किलो दूध देणाऱ्या गाईची एकूण गरज म्हणून ६१० ग्रॅम प्रथिने व साडेपाच किलो पचनीय पदार्थ एवढी होते.

या गाईस ८ किलो कडबा घातला, असे समजू. त्यातील शुष्क पदार्थ सुमारे ७.२ किलो. त्यापैकी साधारण निम्मा पचतो, म्हणजे ३.६ किलो पचनीय पदार्थ मिळाले. शरीर टिकविण्यापुरती ऊर्जा त्यातून भागली. पण कडब्यात पचनीय प्रथिने अवघी एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे मिळाली ती ७० ग्रॅम. गाईचे पोट भरले, ती रवंथ करीत निवांत बसली, आणि तरीही प्रथिनांची ५४० ग्रॅमची तूट राहिली. ही तूट गाय प्रथम आपल्या अंगातून भरून काढते, मग दूध कमी करते, आणि पुढे माजावर येणेही लांबते.

आता ही तूट केवळ सरकी पेंडीने भरून काढावयाची म्हटले, तर अख्ख्या सरकीच्या पेंडीत पचनीय प्रथिने १६ ते १७ टक्के असल्याने रोज सव्वातीन किलो पेंड लागेल. याऐवजी १० किलो हिरवा लसूणघास घातला, तर त्यातील २ किलो शुष्क पदार्थातून सुमारे ३०० ग्रॅम पचनीय प्रथिने मिळतात आणि दीड किलो पेंडीत उरलेली गरज भागते. ऊर्जेचा हिशेबही जुळतो. रोजची पावणेदोन किलो पेंड वाचली. वर्षातील तीनशे दिवस दुधाचे धरले तर ती पाच क्विंटलांहून अधिक होते. अल्पभूधारक कुटुंबाच्या दृष्टीने ही बचत लहान नव्हे. लसूणघास मात्र दवाने ओला असताना किंवा उपाशी पोटी एकदम अधिक घालू नये, अन्यथा पोटफुगी होते.

विकत घ्यावयाच्या खाद्यांची तुलनाही याच रीतीने करावी. समजा, एक पेंड ३२ रुपये किलो असून तीत १६ टक्के पचनीय प्रथिने आहेत आणि दुसरी ५२ रुपये किलो असून तीत ४० टक्के आहेत. पहिलीतील एक किलो पचनीय प्रथिनांस २०० रुपये पडले, दुसरीतील १३० रुपये. भाव पाहता स्वस्त वाटणारी पेंड प्रथिनांच्या मोलाने महाग ठरली. बाजारातील भाव रोज बदलतात, परंतु हिशेबाची रीत बदलत नाही.

सोबतीने वाढणारे मोल

वैरणीचे मोल हे सोन्याच्या कसासारखे कायम ठरलेले नसते. तिच्या सोबतीला काय दिले, यावरही ते अवलंबून असते. कोटीपोटातील सूक्ष्मजंतू तंतू पचवितात. पण त्यांना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागतो. आहाराच्या शुष्क पदार्थात सात टक्क्यांपेक्षा कमी कच्ची प्रथिने असतील, तर या सूक्ष्मजंतूंची वाढ खुंटते आणि उत्तम कडबाही नीट पचत नाही. थोडी पेंड अथवा द्विदल चारा जोडीस दिला, की तोच कडबा अधिक पचतो आणि जनावर तो अधिक खाते. भुईमुगाचा पाला, तुरीचे व हरभऱ्याचे भुसकट कडब्यात मिसळण्याची जुनी चाल याच कारणाने शास्त्रशुद्ध ठरते.

काडावर व पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करण्यामागेही हेच तत्त्व आहे. १०० किलो वाळल्या काडावर सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळविलेला ४ किलो युरिया थराथराने सारखा शिंपडून, ढीग दाबून तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवतात. युरियापासून निघणाऱ्या अमोनियामुळे काष्ठद्रव्याची पकड सैल होते आणि नत्रही वाढतो. युरियाचे प्रमाण कधीही वाढवू नये, ढीग उघडल्यावर वास उडू द्यावा, आणि सहा महिन्यांखालील वासरांना हा चारा घालू नये.

जे पृथक्करणात दिसत नाही

काही दोष असे असतात, की प्रथिने व तंतू यांच्या आकड्यांत त्यांचा मागमूसही लागत नाही. उसाचे वाढे गळीत हंगामात मुबलक मिळतात, पण त्यातील ऑक्झलेटमुळे जनावरास चुना, म्हणजे कॅल्शियम, मिळू शकत नाही. म्हणून केवळ वाढ्यांवर जनावर ठेवू नये. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या पिकात, हायड्रोसायनिक आम्ल निर्माण करणारे द्रव्य असते; फुलोऱ्यापूर्वी असे पीक जनावरांस खाऊ देणे धोक्याचे असते. वाळल्या वैरणीत स्फुरद कमी असते. जनावरे हाडे, चिंध्या चघळू लागली तर ते स्फुरदाच्या अभावाचे लक्षण समजावे आणि क्षारमिश्रण सुरू करावे.

बुरशीचा धोका याहून गंभीर आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मृत्युमुखी पडले. शोधाअंती त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत वाढलेल्या बुरशीचे विष हाती लागले, तेच अफ्लाटॉक्सिन. दुभत्या जनावराने ते खाल्ले, तर त्याचा अंश दुधात उतरतो. अशा पेंडीतील प्रथिनांचा आकडा उत्तमच येईल, पण ती गव्हाणीत जाता कामा नये. ओलसर जागेत थेट जमिनीवर रचलेली पोती हेच या विषाचे माहेरघर असते. फळ्यांवर, भिंतीपासून दूर व कोरड्या जागी पोती रचणे हा त्यावरचा सोपा उपाय होय.

नमुना नीट, तर निष्कर्ष नीट

सर्वोत्तम प्रयोगशाळाही हाती आलेल्या नमुन्यापुरतेच सांगू शकते. एकाच पोत्याच्या तोंडातील मूठभर खाद्य म्हणजे नमुना नव्हे. निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून व तळातून थोडे थोडे खाद्य घ्यावे. ते एकत्र मिसळून ढीग करावा, त्याचे चार भाग पाडावेत, समोरासमोरील दोन भाग काढून टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हीच क्रिया करावी. नमुना कोरड्या, बंद पिशवीत भरून वर खाद्याचे नाव, खरेदीची तारीख आणि गाव लिहावे. पृथक्करणासंबंधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयातील पशुआहारशास्त्र विभागात चौकशी करावी.

राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २०११-१२ ते २०१८-१९ या काळात, गावातीलच प्रशिक्षित व्यक्तीने प्रत्येक जनावराचे वजन, दूध व उपलब्ध चारा यांची नोंद संगणकात करून संतुलित आहार सुचविण्याचा कार्यक्रम राबविण्यात आला. वर दिलेला एका गाईचा हिशेबच त्यात यंत्राच्या मदतीने केला जात होता. यंत्र नसले तरी वही, पेन्सिल आणि काटा यांच्या साह्याने तो घरोघरी करता येण्याजोगा आहे.

अखेरचा निवाडा मात्र गाईचाच. आहारात बदल केल्यानंतर पंधरा-वीस दिवसांत दुधाचे माप काय झाले, स्निग्धांश टिकला का, शेणात न पचलेले दाणे वा लांब तंतू दिसतात का, बरगड्या अधिक उघड्या पडल्या की झाकल्या, आणि गाय वेळेवर माजावर आली का, या पाच गोष्टींची नोंद ठेवावी. तक्त्यातील आकडे दिशा दाखवितात, त्यांचा पडताळा गोठ्यात होतो. ज्याच्या वहीत या दोहोंची नोंद आहे, त्याला कडब्याचा शेकडा, पेंडीचे पोते आणि घासाचा भारा यांचे खरे मोल दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.